ग्रामसभेच्या बोर्डावरचा ‘ऑलवेज’

मी बोर्ड रंगवतो. आमच्या सावली गावापासून वैनगंगेपर्यंत, आणि नदी ओलांडून पुढे दाट जंगल लागेपर्यंत, ज्या ज्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ लिहिलं आहे ते मी लिहिलं आहे. त्याखाली लोक थुंकले असतील तर त्यात माझा दोष नाही. अक्षर एवढं रसाळ असतं की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि ते कुठेतरी टाकावं लागतं. एका डेअरीच्या शटरवर मी म्हैस काढली होती. तिसऱ्या दिवशी गल्लीतलं पारडू येऊन तिची कास चाटून गेलं आणि मला कास पुन्हा रंगवावी लागली. डेअरीवाला म्हणतो की तो गंज होता. डेअरीवाल्यांना कलेतलं काय कळतं.

हे सगळं फ्लेक्सच्या आधीचं. फ्लेक्स आला आणि माझ्या जातीचे पेंटर एकेक करून गेले. कोणी रिक्षा घेतली, कोणी घुग्घुसला कोळशात गेला. मी ज्या दिवाळीची गोष्ट सांगतो आहे त्या दिवाळीला माझ्याकडे ब्रश होते अकरा आणि कामं शून्य. बाजारातल्या फ्लेक्सवाल्यानं मला बोलावून सांगितलं, तुझी नजर चांगली आहे, कॉम्प्युटरवर बस, माणसांचे चेहरे गोरे करायचे आणि मागे कमळं टाकायची. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी ये, नाही आलास तर दुसरा पाहीन. माझ्या बायकोनं माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं होतं. मी तेवढा राहिलो होतो.

अशात गडचिरोलीच्या पलीकडून, धानोऱ्याच्या बाजूच्या एका गावातून फोन आला. गावाच्या जंगलाच्या तोंडाशी एक बोर्ड हवा होता. तो पसंत पडला तर जंगलाच्या हद्दीवर आणखी चौदा. चौदा बोर्ड म्हणजे पेंटरचं एक अख्खं वर्ष. ते मिळाले तर ब्रश राहणार होता, नाही मिळाले तर सोमवार आणि कमळं.

त्या गावात फ्लेक्सला बंदी आहे, तसा ठरावच आहे. एका निवडणुकीत गाईंनी कुठल्याशा पुढाऱ्याचा अर्धा चेहरा खाल्ला आणि त्यातली एक गाय मेली. पुढाऱ्याला काही झालं नाही. त्या दिवसापासून गावात जे लिहायचं ते पत्र्यावर, रंगानं.

आणि त्या गावाची आणखी एक रीत आहे, ती आधीच सांगून ठेवतो, कारण मला ती कळायला फार उशीर झाला. तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. जंगलातलं, गावातलं जे काही असेल ते सगळे मिळून बसतात आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत बसतात. एक माणूस जरी म्हणाला की मला पटलं नाही, तर त्याला कोणी दाबत नाही आणि त्याच्यावाचून पुढेही जात नाही. बैठक उठते, लोक आपापल्या घरी विचार करतात, आठ दिवसांनी पुन्हा बसतात. मला हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. मनात म्हटलं, बोलायच्या गोष्टी आहेत.

गावाचं लिहिणं-वाचणं पाहणारा एक तिशीतला माणूस होता. त्याला सगळे ‘लिहिणारा’च म्हणत. त्यानं माझ्या हातात कागद दिला. तीन ओळी होत्या. पहिली गोंडीत. दुसरी मराठीत, ‘या जंगलात काहीही करण्याआधी ग्रामसभेला नेहमी विचारावे लागेल.’ तिसरी इंग्रजीत, बाहेरून येणाऱ्या बड्या लोकांसाठी, आणि ती आखूड होती. ‘द ग्रामसभा मस्ट बी आस्क्ड.’

पण ‘नेहमी’ हा शब्द मूळ मसुद्यात नव्हताच. तो गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं मागून घालायला लावला होता. फार पूर्वी एक बांबूवाला ठेकेदार गावात येऊन एकदा रीतसर विचारून गेला. लोक हो म्हणाले. मग तो वर्षानुवर्षं बांबू नेत राहिला आणि कोणी अडवलं की म्हणे, विचारलं होतं ना तुम्हाला. म्हणून बाई म्हणाली होती, ‘नेहमी’ टाका, त्याशिवाय माझं हो नाही. मराठीत टाकणं सोपं होतं. इंग्रजी ओळ लिहिली होती नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या गावातल्या एका मुलीनं. तिनं बस पकडता पकडता ‘ऑलवेज’ हा शब्द ओळीच्या वर लिहिला आणि निघून गेली. तो ‘मस्ट’च्या डोक्यावर सुरू होत होता आणि ‘आस्क्ड’च्या डोक्यावर संपत होता. मधल्या ‘बी’वरून पुलासारखा गेला होता. खाली ना बाण, ना खूण. आणि मुलीनं परीक्षेपुरता फोन होस्टेलच्या बाईंकडे जमा केला होता.

लिहिणारा म्हणाला, हा शब्द नेमका कुठं बसते ते आमाले माहीत नाई, तुमाले माहीत असन. मी कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि सांगितलं की इंग्रजीचं माझ्यावर सोडा. का सांगितलं असं? चौदा बोर्ड समोर दिसत होते. खरं तर दहावीला इंग्रजीनं मला तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा तीच कंटाळली. माझं सगळं इंग्रजी घुग्घुसच्या ट्रकांच्या पाठीवर झालं. तिथे रंग ओला असतानाच त्यावर कोळशाची धूळ बसते, त्यामुळे स्पेलिंग चुकलं तरी संध्याकाळपर्यंत झाकलं जातं.

घरी आलो, पत्रा घासला, प्रायमर मारला, गोंडी ओळ लिहिली, मराठी ओळ लिहिली. मराठीचं अक्षर असं उतरलं की शेजाऱ्याची सून उगाच दोनदा नळावर येऊन गेली. इंग्रजीला ‘द ग्रामसभा मस्ट’ लिहिलं, पार उजव्या टोकाला ‘आस्क्ड’ लिहिलं, आणि मधली जागा कोरी ठेवली. तिथे ‘बी’ आणि ‘ऑलवेज’ खडूनं एकदा असे, एकदा तसे लिहून पाहिले. ऑलवेज पुढे, बी मागे. बी पुढे, ऑलवेज मागे. दोन्ही सारखेच दिसत होते. मोबाइलला विचारलं तर तोही म्हणाला की लोक दोन्ही लिहितात. मोबाइलचा मला भरवसा होता, तोही गेला.

आता मराठीत कसं, ‘नेहमी’ कुठेही ठेवा. ग्रामसभेला नेहमी विचारा, नेहमी ग्रामसभेला विचारा, विचारा ग्रामसभेला नेहमी. आपल्या भाषेत शब्द गावातल्या गाईसारखे असतात, कुठेही चरले तरी संध्याकाळी गोठ्यात. इंग्रजीत म्हणे प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते, आणि खुर्ची चुकली की वाचणारा हसतो. मला हसण्याची भीती नव्हती. भीती चौदा बोर्ड जाण्याची होती.

शेवटी मधली जागा तशीच कोरी ठेवून पत्रा पाठीला बांधला आणि मोटरसायकलवर निघालो. वैनगंगेच्या पुलावर वाऱ्यानं पत्रा असा धरला की मी, गाडी आणि ग्रामसभा, आम्ही तिघं पुलाच्या मध्यापासून पलीकडच्या टोकापर्यंत चाकं न टेकवता गेलो. पेट्रोलही वाचलं.

गोटुलात, म्हणजे गावाची बैठक जिथे भरते त्या मांडवात, बोर्ड उभा केला. मंगळवार होता, बैठकीचा वार. माणसं, बाया, सगळे जमले. मला वाटलं होतं लिहिणारा बाजूला घेऊन कानात विचारेल आणि मी कानात काहीतरी सांगून सुटेन. त्यानं सगळ्यांसमोर विषय मांडला. एक शब्द कुठं बसवायचा ते ठरायचं आहे, म्हणाला, आणि पेंटरभाऊ समजावून सांगतील.

मी उभा राहिलो. मस्ट म्हणजे ‘लागेल’, कडक माणूस आहे, हे सांगितलं. आस्क्ड म्हणजे ‘विचारलं’, कामाचा माणूस आहे, हे सांगितलं. तोवर बरं चाललं होतं.

“अन् थो मधातला काय करते?” पुढे बसलेल्या एका बुढ्यानं विचारलं.

“बी? काहीच नाई करत,” मी म्हटलं. “बसून राहते. पन त्याले उठवलं तर वाक्य पडते.”

“आमचा जावाई हाये वो थो,” मागून एक बाई म्हणाली.

त्यानंतर अर्धा तास जावयाचीच बैठक झाली. जावई स्वतः तिथे बसला होता आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. पण हसून झाल्यावर लोक खरोखर विचार करू लागले, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं. बुढा म्हणाला की जो विचारण्याचं काम करतो त्याच्या शेजारी ‘नेहमी’ बसला पाहिजे, काम करणाऱ्याला सोबत लागते. बाया म्हणाल्या, नाही, कडक माणसाच्या शेजारी बसवा, तो एकटाच कडक राहिला तर लोक त्याला गोड बोलून वळवतील. एकाचं म्हणणं पडलं की शेवटी बसवा, शेवटचं ऐकलेलं माणूस घरी नेतो. आणि ती म्हातारी बाई, जिच्यामुळे हा शब्द जन्माला आला होता, म्हणाली की सगळ्यात पुढे बसवा, मोठ्या माणसाला कोणी मधात बसवते का. मी सांगितलं, बाई, पुढे पत्रा संपला आहे. ती म्हणाली, मग पत्रा लहान काऊन आणला.

मला वाटलं यांना थोडं घाबरवावं. मी सांगितलं की इंग्रजीत शब्दाची जागा बदलणं साधी गोष्ट नाही, घुग्घुसला एका ट्रकवर मी दोन शब्द उलटसुलट लिहिले तर तो ट्रक त्या दिवसापासून रिव्हर्समध्येच चालतो. ते सगळे गंभीरपणे ऐकून घेत होते. बुढ्यानं विचारलं, मग डायवर मान मोडून बसत असेल का रोज? मी हो म्हणालो. आता तो ट्रक कुठे आहे ते त्यानं विचारू नये म्हणून मी पाणी मागितलं.

एकमत झालं नाही. लिहिणाऱ्यानं वहीत तसं लिहिलं आणि मला म्हणाला, पुढल्या मंगळवारी बसू. तवर तुमी कोन्या जानकाराले विचारून या, अन् इथी येऊन सांगा. बोर्ड राहू द्या.

पुढल्या मंगळवारच्या आदल्या दिवशी माझा सोमवार होता.

आमच्या सावली गावात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. मला दहावीला तीनदा परत पाठवण्यात इंग्रजीला त्यांचीच मदत होती. गेलो तेव्हा ते ओसरीवर पेपर अंथरून सीताफळ खात बसले होते. मी कागद पुढे ठेवला. सरांनी तो हात न लावता वाचला, तोंडातल्या बिया पेपरवर काढल्या आणि त्यातल्या तीन एका ओळीत मांडल्या. ही मस्ट, ही बी, ही आस्क्ड. चौथी बी बोटांत धरली.

“वेळ सांगणारा शब्द पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच मागे बसतो,” सर म्हणाले आणि बी ठेवली. “मस्ट ऑलवेज बी आस्क्ड. पण रीत सांगणारा शब्द असला, काळजीपूर्वक, नीटनेटका, तर तो कामाच्या क्रियापदाला जाऊन चिकटतो. मस्ट बी केअरफुली रिटन. कळलं?”

“हाव सर.”

“काय कळलं?”

“दोन्हीकडे बसते.”

सरांनी माझ्याकडे दहावीत पाहत तसं पाहिलं. मग त्यांनी आणखी उदाहरणं दिली. ईझिली म्हणजे सहज, हा तर म्हणाले दोन्ही खुर्च्यांवर बसतो, कॅन ईझिली बी डन, कॅन बी ईझिली डन, आणि कोणी त्याला उठवत नाही. ओन्ली जिथे बसेल तिथला अर्थ ओढून नेतो, त्याच्यापासून जपून राहा. ऑलवेज आस्क्डच्या जवळ बसवला तर चूक म्हणता येणार नाही, पण कानाला खटकतं. प्रत्येक उदाहरणाला ते एक बी वापरत होते. थोड्या वेळानं पेपरवर तीस-चाळीस काळ्या बिया झाल्या आणि मस्ट कोणती, बी कोणती, खाल्लेली कोणती, हे सरांनाही सांगता येईना.

मी विचारलं, सर, पण मग ‘नेहमी’ ही वेळ की रीत?

सर म्हणाले, वेळच, आणखी काय?

मी म्हटलं, ठेकेदारासाठी वेळ असन सर. त्या गावात ते रीत आहे म्हनून राह्यले.

सरांनी तोंडातलं चावणं थांबवलं. मग म्हणाले की असं व्याकरणात नसतं, तू आपला मस्टच्या मागे लिही, कोणी हसणार नाही. मी निघालो तेव्हा ते बिया पुन्हा मांडत होते.

घरी बायकोनं सोमवारसाठी शर्टला इस्त्री करून ठेवली होती. तिला सगळी हकिगत सांगितली, अर्थात पुलावरून उडालो तो भाग थोडा लांबवून. तिनं शांतपणे ऐकलं.

“मशीनले एवढं विचारा लागत नाई,” ती म्हणाली. “बटन दाबलं का निंगते.”

ती चुकीचं बोलत नव्हती, आणि तोच त्रास होता. मी ठरवलं की सोमवारच्या आत निकाल लावायचा. उत्तर तर मिळालंच आहे. शनिवारी जाऊन शब्द भरून टाकायचा, लोकांनी तयार बोर्ड पाहिला की खूश होतील, चौदा बोर्डांचं तिथेच पक्कं होईल, आणि सोमवारी फ्लेक्सवाल्याला त्याच्या दुकानात जाऊन नाही म्हणायचं. त्याच इस्त्रीच्या शर्टात.

शनिवारी पोचलो तर गाव रिकामं. धानाची कापणी चालू होती, सगळे शेतातल्या बांध्यांमध्ये. गोटुलात कोंबड्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकल्या, तेवढीच परवानगी. मी डबा उघडला. सरळ रेघेसाठी खडूचा दोरा मारला. आणि काय सांगू, तसं लिहिणं मला पुन्हा जमलं नाही. ऑलवेज हा शब्दच ब्रशसाठी केलेला आहे, त्यातल्या त्या दोन तिरप्या अक्षरांत हात घसरगुंडीवर बसल्यासारखा जातो. मग ‘बी’ घातला. लांब जाऊन पाहिलं. ओळ भरली होती. मस्ट ऑलवेज बी आस्क्ड.

पहिली आली ती म्हातारी बाई, डोक्यावर धानाचा भारा. तिला वाचता येत नव्हतं, पण कोरी जागा भरली हे तिला दिसलं. तिनं भारा उतरवला आणि बोर्डासमोर खाली बसली. मी तिला सांगितलं, सरांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे, कडक माणसाच्या शेजारी. ती बसून राहिली. मग बुढा आला, तोही बसला. दोन बाया आल्या, त्या बसल्या. तासाभरात पाच-पन्नास माणसं बसली आणि एकानंही ‘छान’ म्हटलं नाही. मी रंगावर माशी बसली का ते पाहत होतो, काहीतरी पाहायचं म्हणून.

लिहिणारा शेवटी आला. विळा बाजूला ठेवला.

“पेंटरभाऊ, हे भरलं कोनं?”

“मी.”

“कोनाले विचारून?”

“सरांले. जल्मभर इंग्रजी शिकवली त्याइनं.”

“सरांले विचारलं ते बेस केलं. इथी कोनाले विचारलं?”

“इथी कोनीच नव्हतं गा. कोंबड्या होत्या.”

कोणी हसलं नाही. लिहिणारा बोर्डाजवळ गेला आणि मराठी ओळीवर, माझ्याच हातच्या त्या हातभर अक्षरांवर बोट फिरवत ती मोठ्यानं वाचली. ग्रामसभेला. नेहमी. विचारावे. लागेल. मग बोट काढून घेतलं.

मला अजूनही उलगडा होत नव्हता. मी म्हणालो, पण जागा बरोबर आहे. बाया हेच म्हणत होत्या, सरही हेच म्हणाले. चूक दाखवा.

“बरोबरच असन,” लिहिणारा म्हणाला. “चूक हाये असं कोन म्हनून राह्यलं?”

“मंग?”

आता म्हातारी बोलली. माझ्याकडे न पाहता, बोर्डाकडे पाहून.

“थो ठेकेदारबी बरोबरच बोले, बाप्पा.”

मी खूप बोललो. सोमवारचं सांगितलं, फ्लेक्सवाल्याचं सांगितलं, बायकोच्या इस्त्रीपर्यंत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एका दमात एवढं खरं बोललो असेन, आणि सवय नसल्यामुळे मधेच धाप लागली. ते ऐकत होते. बुढा मान हलवत होता, वाईट वाटल्यासारखी. कोणाला माझ्यावर राग नव्हता. राग असता तर मला समजलं असतं, मी त्याच्याशी भांडलो असतो. त्यांनी मला पाणी दिलं, भात दिला, वर अंबाडीची भाजी दिली, आणि जेवण झाल्यावर थिनरचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी पुसलं. अर्धवट वाळलेला रंग पुसणं म्हणजे आपल्याच हातानं आपली दाढी उपटणं. चिंधी तीनदा बदलली. शब्द गेला, पण त्याची सावली पत्र्यावर राहिली, उजेडात तिरपं पाहिलं की दिसायची.

चौदा बोर्डांचं मी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून घरातून निघालो. फ्लेक्सच्या दुकानासमोर, रस्त्याच्या या बाजूला उभा राहिलो. आत मशीनमधून कोणाचा तरी वाढदिवस बाहेर येत होता, आधी फेटा, मग कपाळ, मग चष्मा. हनुवटीपर्यंत थांबलो. आत गेलो नाही. घरी मी सांगतो की मी तत्त्वाचा माणूस आहे. खरं म्हणजे मला मंगळवारी तिथे काय होतं ते पाहायचं होतं. एका शब्दाच्या बरोबर असण्यानं कुणाचं समाधान का होत नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. दुपारी फ्लेक्सवाल्यानं दुसरा माणूस बसवला. बायको दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली, आणि ते न बोलणंच बरं होतं.

मंगळवारी मी खडे गोळा करून नेले. सरांसारखे ओळीत मांडले. वेळेचा शब्द कुठे बसतो, रीतीचा कुठे, सहज हा दोन्हीकडे कसा बसतो, सगळं सांगितलं, आणि एकही ट्रक मधे आणला नाही. मग विचारलं, तुमी सांगा, नेहमी ही वेळ की रीत?

बैठक दुपारपर्यंत चालली. काय काय बोलणं झालं ते सगळं मला सांगता येणार नाही, निम्मं गोंडीत होतं आणि निम्मं माझ्या डोक्यावरून. जे मराठीत होतं त्यातलंही मला अर्धंच कळलं. कोणी म्हणालं की वेळ आली की विचारायचं, म्हणजे वेळ. कोणी म्हणालं की वेळ येवो न येवो, विचारायचं, म्हणजे रीत. मधेच बुढा उठून बैलाला पाणी पाजून आला आणि तोवर सगळे थांबले. जावयाला विचारलं तर त्यानं काडी खाली ठेवून सांगितलं की ‘बी’जवळ कोणालाही बसवा, त्याची हरकत नाही. लिहिणाऱ्यानं तेही वहीत घेतलं. शेवटी म्हातारीनं तीन खडे हातात घेऊन वजन केल्यासारखे पाहिले, पुन्हा ओळीत मांडले आणि चौथा ठेवला. मस्टच्या लगेच मागे.

“इथी बसू दे,” ती म्हणाली.

लिहिणाऱ्यानं एकेकाला विचारलं. हो. हो. हो. मलाही विचारलं. मी पाहुणा, माझं कशाला, असं म्हणालो तर त्यानं पुन्हा विचारलं. मी हो म्हणालो.

म्हणजे शनिवारी जिथे होता तिथेच. पत्र्यावर त्याची सावलीही तिथेच होती. मी ब्रश बुडवला आणि त्याच सावलीवर, त्याच वळणांवर शब्द पुन्हा लिहायला लागलो, आणि मला हसावं की रडावं कळेना. शनिवारच्या आणि आजच्या शब्दात काय फरक होता? रंग तोच, हात तोच, जागा तीच. अक्षर मात्र शनिवारसारखं उतरलं नाही. शेवटचं अक्षर राहिलं तेव्हा म्हातारी जवळ येऊन उभी होती.

“हे लिहिलं का झालं, बाई. लिहू?”

“थांब,” ती म्हणाली. “दोघीजनी शेताकडे गेल्या. येऊ दे त्याइले.”

मी थांबलो. ब्रश थिनरमध्ये, मी ओट्यावर. त्या दोघी पाऊण तासानं आल्या, हात धुतले, समोर बसल्या, आणि मान हलवली. मग मी शेवटचं अक्षर घातलं.

बोर्ड लागला. चौदा बोर्डांचं काय, हे मी त्याच संध्याकाळी विचारलं, रीतसर, सगळ्यांसमोर. त्यांनी आपसात बोलून सांगितलं की काम तुमचंच, पण एकेक बोर्ड विचारून. तर असं चाललं आहे. प्रत्येक बोर्डाला बैठक, प्रत्येक बैठकीत मी. पेंटरचं एक वर्ष म्हणालो होतो, हे काम तीन वर्षं पुरेल असं दिसतं. मध्यंतरी कुठल्याशा युनिव्हर्सिटीची मंडळी आली, त्यांनी इंग्रजी ओळीचा फोटो काढला. मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. हसले नाहीत. पण त्यातले एक म्हातारे गृहस्थ पुटपुटले की ऑलवेज बी की बी ऑलवेज, आणि डोकं खाजवत जीपमध्ये बसले.

सहा बोर्ड झाले. सातव्याचा पत्रा प्रायमर मारून गोटुलात उभा आहे. काठाची पट्टी हिरवी असावी की निळी यावर सगळ्यांचं एक झालं आहे, फक्त एका माणसाचं व्हायचं आहे. तो सोयऱ्याकडे लग्नाला गेला आहे. गुरुवारी येतो म्हणतात.